सोबत कुठपर्यंत? महाड, पुणे आणि नकाराचा हक्क

मागच्या वेळी संशोधनाचा प्रश्न कसा बांधायचा ते आपण पाहिलं. त्यानंतर पीएचडीची तयारी करणाऱ्या दोघातिघांनी साधारण एकच गोष्ट विचारली: "मी सवर्ण घरातून आलोय. मला जातीवर काम करायचंय. करू का? की तो माझा हक्कच नाही?"

याची दोन तयार उत्तरं मिळतात. पहिलं म्हणजे "तळमळ खरी असेल तर बिनधास्त कर." दुसरं म्हणजे "नको, तो तुझा विषय नाही." पहिल्या उत्तरात तळमळ मोजायची कशी ते सांगितलेलं नसतं. दुसऱ्यात विषय एकदा टाळला की जबाबदारी संपते, असं धरलेलं असतं. मी मटेरियल सायन्समध्ये काम करते. जे मोजता येत नाही ते सिद्ध झालं असं आमच्याकडे कुणी म्हणत नाही. म्हणून तळमळ थोडी बाजूला ठेवू आणि जे कागदावर उरलंय त्याच्याकडे बघू. मीही सवर्ण घरातलीच आहे, त्यामुळे पुढचं सगळं मलाही लागू आहे.

अमेरिकेत या विषयावर भरपूर लिहिलं जातं. वंशभेदाविरुद्धच्या लढ्यात उभ्या राहणाऱ्या गोऱ्या माणसाला तिथे 'अलाय' म्हणतात. हा साथी उपयोगी कुठपर्यंत आणि अडथळा कुठून, हा तिथला जुना वाद आहे. मार्टिन ल्यूथर किंग यांनी एप्रिल 1963 मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात उघड वर्णद्वेष्ट्यांपेक्षा मवाळ गोऱ्यांबद्दलची निराशा जास्त आहे. मवाळ माणूस उद्दिष्ट मान्य करतो, पण वेळ आणि पद्धत त्याला ठरवायची असते. आपले विद्यार्थी हा वाद इंग्रजी पुस्तकांतून शिकतात आणि जणू तो तिकडचाच असल्यासारखा लिहितात. महाराष्ट्रात तो 1927 आणि 1932 मध्ये जवळजवळ पूर्ण होऊन गेलाय, आणि दोन्ही वेळा मध्ये डॉ. आंबेडकरच होते. व्यक्ती तीच, काळात पाच वर्षांचं अंतर, साथी वेगळे आणि निकाल उलटा. तुलनेसाठी याहून चांगली जोडी शोधूनही सापडणार नाही.

महाड, 1927

सार्वजनिक पाणवठे, शाळा, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा ठराव सीताराम केशव बोले यांनी 1923 मध्ये मुंबई कायदेमंडळात मांडला. नावाची आद्याक्षरं उलटसुलट लिहिली जातात, म्हणून मुद्दाम सांगितलं. संदर्भ देताना तपासून घ्या. महाड नगरपालिकेने 1924 मध्ये चवदार तळं खुलं असल्याचा ठराव केला. कागदावर तळं खुलं झालं, पाणी भरायला मात्र कुणी जाऊ शकलं नाही.

19 आणि 20 मार्च 1927 ला महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. तिच्या जुळवाजुळवीत रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारखे दलित तरुण कार्यकर्ते होते. त्यांच्याबरोबर नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ ऊर्फ सुरबा टिपणीस, अनंतराव चित्रे आणि गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे हे सवर्णही होते. 20 तारखेला लोक तळ्यावर गेले, पाणी प्याले, आणि नंतर गावात त्यांच्यावर हल्ले झाले. त्याच वर्षी 25 डिसेंबरला दुसऱ्या परिषदेत मनुस्मृती जाळण्याचा ठराव आला. तो मांडला सहस्रबुद्ध्यांनी, म्हणजे जन्माने ब्राह्मण असलेल्या माणसाने, आणि अनुमोदन दिलं पां. ना. राजभोज यांनी.

बहुतेक पुस्तकं इथे थांबतात आणि "सवर्णांनीही साथ दिली" असं म्हणून पुढे जातात. मला त्या दोन परिषदांच्या मधली एक घटना जास्त महत्त्वाची वाटते. ब्राह्मणेतर चळवळीचे केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर यांनी सत्याग्रहाला पाठिंबा देऊ केला. अट एकच होती: ब्राह्मणांना सत्याग्रहात घ्यायचं नाही. त्या वेळी हा पाठिंबा मोठा होता; जेधे-जवळकरांमागे माणसं होती. आंबेडकरांनी अट नाकारली. आपला विरोध ब्राह्मण्याला आहे, ब्राह्मण म्हणून जन्मलेल्या प्रत्येकाला नाही, अशी त्यांची भूमिका होती.

या घटनेचा उल्लेख सहसा आंबेडकरांचं मोठं मन दाखवण्यासाठी होतो. त्यांच्या मनाचा मोठेपणा मान्य, पण संशोधक म्हणून मला त्यात दुसरं काही दिसतं. देऊ केलेली मदत त्यांना नाकारता आली. चळवळीत कोण येणार, कोण नाही, कुठल्या अटीवर, हे त्यांच्या हातात होतं. डिसेंबरमध्ये कोर्टाचा मनाई हुकूम आला तेव्हा हजारो लोक तयारीने आलेले असतानाही सत्याग्रह तहकूब करण्याचा निर्णय त्या परिषदेतच झाला. चित्रे, टिपणीस, सहस्रबुद्धे हे लोक तो निर्णय पाळणारे होते. पुढेही ते आंबेडकरांच्या पक्षात आणि नियतकालिकांत काम करत राहिले, म्हणजे त्यांच्या नेतृत्वाखाली.

याची बीजं आधीच होती. 1924 च्या बहिष्कृत हितकारिणी सभेचे अध्यक्ष सर चिमणलाल सेटलवाड होते, कार्यकारी मंडळाचे अध्यक्ष आंबेडकर. मोठी नावं वर आणि रोजचा कारभार ज्यांचा प्रश्न त्यांच्याकडे, अशी ही रचना होती.

पुणे, 1932

ऑगस्ट 1932 मध्ये ब्रिटिश सरकारचा जातीय निवाडा आला आणि अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ मिळाले. त्याविरुद्ध गांधीजींनी 20 सप्टेंबरला येरवड्यात उपोषण सुरू केलं. 24 तारखेला पुणे करार झाला. स्वतंत्र मतदारसंघ गेले, संयुक्त मतदारसंघांत प्रांतिक कायदेमंडळांतल्या 148 राखीव जागा आल्या. 148 हा आकडा निवाड्यातल्या जागांपेक्षा बराच मोठा होता, आणि कराराची बाजू मांडणारे तो आवर्जून सांगतात. तो खराही आहे. पण त्या चार दिवसांत आंबेडकरांना "नाही" म्हणणं कितपत शक्य होतं, हे त्या आकड्यातून कळत नाही. गांधीजींचा जीव गेला असता तर गावोगावच्या वस्त्यांचं काय झालं असतं, याचा हिशोब त्यांना करावा लागला.

कराराच्या पाठोपाठ 30 सप्टेंबरला एक अखिल भारतीय अस्पृश्यताविरोधी संघटना स्थापन झाली. पुढे तिचं नाव हरिजन सेवक संघ झालं. अध्यक्ष घनश्यामदास बिर्ला, सचिव अमृतलाल ठक्कर, म्हणजे ठक्करबाप्पा. सुरुवातीला आंबेडकरांचाही सहभाग होता.

14 नोव्हेंबर 1932 ला गोलमेज परिषदेसाठी लंडनला जाताना आंबेडकरांनी बोटीवरून ठक्करबाप्पांना एक लांब पत्र लिहिलं. नंतर 1945 मध्ये काँग्रेस आणि गांधी यांच्यावरच्या आपल्या पुस्तकात त्यांनी ते पूर्ण छापलं. प्राथमिक साधन कसं वाचायचं हे शिकायचं असेल तर हे पत्र घ्या. त्यात तक्रारी फार कमी आहेत. ते कामाचा आराखडा आहे, एखाद्या रिसर्च प्रपोजलसारखा.

आधी समस्येची व्याख्या. अस्पृश्य माणूस हलाखीत आहे तो त्याच्या सवयींमुळे, की त्याच्याभोवतीच्या परिस्थितीमुळे? पहिलं धरलं तर उपाय म्हणजे दारूबंदी, वाचनालय, व्यायामशाळा. दुसरं धरलं तर उपाय बदलतो. आंबेडकर दुसरं धरतात आणि त्यातून कामं काढतात. विहिरी, शाळा, चावडी, वाहनं यांवरच्या नागरी हक्कांसाठी गावोगाव मोहीम. नोकरी-धंद्यात समान संधी. अस्पृश्याला भाजी, दूध, लोणीसुद्धा विकता येत नाही, हे त्यांनी लक्षात आणून दिलं. आणि सामाजिक संबंध, म्हणजे सवर्णांनी आपल्या घराची दारं उघडणं. हक्कांच्या मोहिमेत संघर्ष होईल, डोकी फुटतील, हेही ते लपवत नाहीत. शेवटी काम कोण करणार? शक्यतो अस्पृश्यांमधलेच कार्यकर्ते, कारण पगारी माणसाला एक काम काय आणि दुसरं काय. ज्याला हे आपलं वाटतं तोच टिकेल.

या पत्राची पोचसुद्धा आली नाही, असं आंबेडकरांनी लिहून ठेवलंय. संघाने शिष्यवृत्त्या, वसतिगृहं, शाळा, दवाखाने यांवर भर दिला. नियंत्रण सवर्णांच्याच हातात राहिलं. अस्पृश्यांना मंडळावर जागा द्या, अशी मागणी झाली तेव्हा गांधीजींची भूमिका अशी होती की हे सवर्णांचं प्रायश्चित्त आहे. देणेकरी ते आहेत, तेव्हा कर्ज फेडण्याचं काम त्यांनीच करावं. अस्पृश्यांनी सल्ला द्यावा.

हा युक्तिवाद हसण्यावारी नेऊ नका. त्यात एक खरी गोष्ट आहे: अस्पृश्यता हा सवर्णांचा रोग आहे आणि बरं होण्याची मेहनत त्यांनीच करायला हवी. 1966 मध्ये अमेरिकेतल्या एसएनसीसी या विद्यार्थी संघटनेतल्या काळ्या कार्यकर्त्यांनी गोऱ्यांना साधारण असंच सांगितलं: तुम्ही तुमच्या वस्त्यांत जा, तिथला वर्णद्वेष मोडा. ऐकायला दोन्ही सारखं वाटतं, पण सांगणारा कोण ते बघा. तिथे काळ्यांनी स्वतःची संघटना स्वतःच्या हातात ठेवून गोऱ्यांना त्यांचं काम नेमून दिलं. इथे देणेकऱ्याने स्वतःच हप्ता ठरवला, मुदत ठरवली आणि वहीही स्वतःकडेच ठेवली. सावकाराच्या दारात मान खाली घालून उभा राहणारा हा देणेकरी नव्हे.

दुसरा बचाव पैशाचा. पैसा सवर्णांनी उभा केला, मग कारभार त्यांचाच. व्यवहाराला धरून आहे. पण पैसा कुणाचा हा प्रश्न नीट विचारला तर तो गिरण्यांपर्यंत जातो. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकाम खात्यात पगार जास्त, आणि तिथे अस्पृश्यांना घेत नसत, कारण धोट्यातला दोरा तोंडाने ओढावा लागे आणि विटाळ होई. 1928 च्या मोठ्या संपात आंबेडकरांनी कम्युनिस्ट पुढाऱ्यांकडे आग्रह धरला की हा मुद्दा मागण्यांत घ्या. शोषणाविरुद्ध लढणाऱ्या साथ्यांनाही तो स्वतःहून सुचला नव्हता.

आता मला जे म्हणायचंय ते सरळ लिहिते. साथीदार किती चांगला, यावर साथीची मर्यादा ठरत नाही. ज्याच्यासाठी साथ दिली जातेय त्याला ती नाकारता येते का, यावर ती ठरते. ठक्करबाप्पा वाईट माणूस नव्हते. आयुष्य घातलं त्यांनी. सहस्रबुद्धे त्यांच्याहून थोर होते, असं म्हणायलाही माझ्याकडे काही मोजमाप नाही. महाडला नकाराचा हक्क दलितांकडे होता, हरिजन सेवक संघात नव्हता. फरक तिथे आहे.

कसोटी दुसरीकडे लागू पडते का?

एका जोडीवरून नियम काढणं धोक्याचं. म्हणून आणखी दोन ठिकाणी ती लावून बघू.

27 जुलै 1978 ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला. मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जळली. नामांतराला विरोध करणाऱ्यांत 'मराठवाडा' दैनिकाचे संपादक अनंत भालेराव होते, गोविंदभाई श्रॉफ होते. हैदराबाद मुक्तिसंग्रामात निजामाशी लढलेली, पुरोगामी म्हणून आदर असलेली माणसं. हिंसा त्यांना नको होती. पण मराठवाड्याची अस्मिता कशात आहे हे आम्ही ठरवू, ही त्यांची धारणा पक्की होती. दलितांना शिक्षण, सवलती, विहीर या गोष्टींवर त्यांची साथ होती. प्रदेशाच्या नावात वाटा मागितल्यावर ती संपली. एस. एम. जोशी मात्र नामांतराच्या बाजूने उभे राहिले. म्हणजे तेच समाजवादी संस्कार असताना वेगळं वागता येत होतं. नामविस्तार झाला 14 जानेवारी 1994 ला, साडेपंधरा वर्षांनी.

दुसरं ठिकाण माझ्या खोलीपासून दोन स्टेशनांवर आहे. कांजूरमार्गहून विक्रोळी, मग घाटकोपर. तिथल्या रमाबाई आंबेडकर नगरात 11 जुलै 1997 ला पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला. 10 माणसं गेली. चार दिवसांनी मुलुंडला शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. आनंद पटवर्धन यांचा 2011 चा 'जय भीम कॉम्रेड' तिथून सुरू होतो. घोगरे डाव्या सांस्कृतिक चळवळीत गाणारे; त्यांच्या संघटनेने त्यांना बाहेर काढलं होतं, हे चित्रपटातून कळतं. जाताना त्यांनी डोक्याला निळी पट्टी बांधली होती. वर्गाच्या लढ्यात त्यांचा आवाज हवा होता, पण त्या लढ्याचे नियम बदलण्याचा हक्क त्यांना होता का, हा प्रश्न ती पट्टी बघताना सुटत नाही. चित्रपट दलितेतर दिग्दर्शकाने केलाय आणि त्यासाठी चौदा वर्षं दिलीत. तो लांब आहे, कारण वस्तीतली माणसं बोलतात आणि दिग्दर्शक त्यांना मध्ये तोडत नाही. तरीही काय ठेवायचं, काय कापायचं हे शेवटी त्याच्याच टेबलावर ठरलं. चित्रपट मोलाचा आहे, आणि साथीची हद्दही त्यात दिसते. दोन्ही एकदम खरं असू शकतं.

मग तुमच्या प्रपोजलचं काय?

2002 मध्ये गोपाळ गुरू यांनी भारतातली समाजविज्ञानं कितपत समतावादी आहेत, असा प्रश्न विचारणारा लेख लिहिला. त्यांचं निरीक्षण असं की सिद्धांत मांडणं हे उच्चजातीयांचं क्षेत्र झालं आणि दलितांच्या वाट्याला अनुभव, आकडे, तपशील पुरवणं आलं. प्रयोगशाळेत वाढलेल्या मला हे लगेच समजलं. आमच्याकडेही सॅम्पल बनवणारा एक, आलेख काढणारा दुसरा आणि पेपरवर पहिलं नाव तिसऱ्याचं, असं होऊ शकतं. वस्तीतला जो तरुण तुम्हाला घरोघर फिरवतो, प्रश्न बोलीत समजावतो, कोण खरं बोलतंय ते सांगतो, त्याचं नाव प्रबंधात कुठे येतं? बहुतेक वेळा आभारात. अगदी मनापासूनचे आभार असतात ते. हरिजन सेवक संघाची सेवाही मनापासूनच होती.

यावरून "तर मग सवर्णांनी लिहूच नये" असा निष्कर्ष निघतो का? पुणे विद्यापीठातल्या शर्मिला रेगे यांनी 1998 मध्ये दलित स्त्रीवादी भूमिकेबद्दल लिहिताना याचं उत्तर दिलंय. त्या स्वतः दलितेतर. त्यांचं म्हणणं, जातीचा प्रश्न दलित स्त्रियांवर सोपवून इतरांनी मोकळं होणं ही पळवाट आहे. दलितेतरांनी तो इतिहास शिकावा, त्या भूमिकेतून स्वतःला नव्याने घडवावं. पुढे त्यांनी दलित स्त्रियांच्या आत्मकथनांवर जे काम केलं त्यात ही आत्मकथनं कच्चा माल म्हणून येत नाहीत, समाजाबद्दलचं ज्ञान म्हणून येतात. गुरू आणि रेगे दोघंही वाचा, आणि एकाला दुसऱ्याविरुद्ध ढाल करू नका. गुरूंना टाळून फक्त रेगे वाचल्या तर आपल्याला परवाना मिळाल्यासारखं वाटतं, आणि फक्त गुरू वाचले तर सुट्टी मिळाल्यासारखं.

व्यवहारात मी इतकंच सुचवेन. प्रपोजलमध्ये "माझी सामाजिक स्थिती" असा परिच्छेद लिहायची हल्ली पद्धत आहे. मी सवर्ण, मी शहरी, मला याची जाणीव आहे, वगैरे. लिहा, पण तो परिच्छेद म्हणजे पुन्हा तळमळच झाली. त्याखाली एक प्रश्न स्वतःला विचारा: ज्यांच्यावर मी लिहितेय त्यांनी मसुदा वाचून "हे चुकीचं आहे, छापू नकोस" म्हटलं, तर माझ्या आराखड्यात पुढे काय होतं? काहीच होत नसेल, तर तुमचा प्रबंध चांगला असेल, गाईड खूश असतील, पेपरही लागेल. फक्त त्याला साथ म्हणू नका. काही होत असेल, म्हणजे मसुदा त्यांच्या भाषेत त्यांच्यापर्यंत जातो, त्यासाठी वेळापत्रकात महिने राखलेत, मतभेद झाला तर त्यांचं म्हणणं त्यांच्या नावाने छापलं जातं, ते विश्लेषणात असतील तर लेखकांतही असतात, तर सुरुवात झाली म्हणायची.

यात नुकसान होईल. प्रबंधाला सहा महिने जास्त लागतील आणि फेलोशिप तेवढी थांबणार नाही. एखादं आवडतं प्रकरण गळेल. 14 नोव्हेंबरचं पत्र वाचून ठक्करबाप्पांनी उत्तर दिलं असतं, तर संघालाही बरंच काही सोडावं लागलं असतं: दात्यांची मर्जी, गावातली शांतता, मंडळावरच्या खुर्च्या. तुमच्या टेबलावर तसं पत्र येईल तेव्हा निदान पोच द्या, आणि त्यातली मागणी परवडत नसेल तर का परवडत नाही ते प्रबंधातच लिहा. पुढच्या विद्यार्थ्याला तोही डेटा उपयोगी पडेल.